वाळवंटाकाठचे समुद्र आणि समुद्रकाकडी

जूनमध्ये नैऋत्येचं वारं सह्याद्रीला येऊन धडकतं आणि कोकण भिजून निघतं. तेच वारं वाटेत ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतं, पण तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. दक्षिणेला सलालाभोवतीच्या डोंगरांवर दोन-तीन महिने धुकं आणि झिमझिम असते; मस्कतला नोकरीधंद्यानिमित्त राहणारी मराठी कुटुंबं ती अनुभवायला मुद्दाम तिकडे जातात. बाकी सगळा किनारा रखरखीत. जमिनीला न मिळालेलं दान समुद्राला मात्र मिळतं. वाऱ्याच्या जोराने वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. ओमानची मासेमारी या पाण्यावर उभी आहे. मसिरा बेटासमोरच्या माहौतच्या उथळ उपसागरात, समुद्रगवताच्या कुरणांत आणि चिखलवाळूत, याच समुद्राच्या आधाराने एक संथ, लांबट, करड्या रंगाचा प्राणी राहतो. तो वाळवून हाँगकाँगच्या बाजारात गेला की उत्तम मालाला किलोमागे हजार डॉलरहून अधिक भाव मिळू शकतो.

समुद्रकाकडीबद्दल बरंच लिहिलं जातं, पण ते बहुधा प्रशांत महासागरातल्या बेटांबद्दल किंवा चीनच्या शेतीबद्दल असतं. तांबडा समुद्र, पर्शियन आखात आणि अरबी समुद्राचा ओमानकडचा काठ, म्हणजे कोरड्या प्रदेशांचे समुद्र, या चर्चेत तळटीपेसारखे येतात. या प्राण्याचं जगणं किती अटींवर टिकून असतं, हे मात्र तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतं. पकड, बंदी, शेती आणि कायदा हे सगळे प्रयोग तिथे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत होऊन गेले आहेत. ते एकत्र पाहिले, तर मला त्यातून एकच गोष्ट पुन्हापुन्हा पुढे येताना दिसते: नैसर्गिक थवे विरळ झाले की बंदीही पुरत नाही आणि शेतीही पुरत नाही.

आधी प्राणी समजून घेऊ. तारामासा ज्या कंटकचर्मी गटातला, त्याच गटातली ही. जगात तिच्या सुमारे १,७०० जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक जाती तळावरची वाळू गिळतात, तिच्यातले जिवाणू, सूक्ष्म शैवाल आणि कुजलेले कण पचवतात आणि धुतल्यासारखी वाळू मागे टाकतात. शेतात गांडूळ जे करतं ते समुद्रतळावर ही करते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लिझार्ड बेटापाशी मोजमाप झालं, तेव्हा दोन जातींचा मिळून एक समूह हजार चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे ४,६०० किलो कोरडी वाळू पोटातून काढू शकतो असं निघालं. तळाचा वरचा पाच मिलिमीटरचा थर वर्षात एकदा तरी उलथतो, असा त्याचा अर्थ. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रशांत महासागरातल्या प्रयोगांत समुद्रकाकड्या उचलून नेलेल्या जागी प्रवाळांमधलं रोगाचं आणि मरतुकीचं प्रमाण वाढल्याचं आढळलं.

हे प्रयोग अरबस्तानात झालेले नाहीत. तरी त्यांचं वजन तिथे अधिक आहे असं मी मानतो. तांबड्या समुद्राला बारमाही वाहणारी एकही मोठी नदी येऊन मिळत नाही. जमिनीवरून गाळ आणि पोषण येण्याची वाट जवळजवळ बंद असलेल्या पाण्यात, तळाशी पडलेलं पुन्हा चक्रात आणणाऱ्या प्राण्याला दुसरा पर्याय सहजी उभा राहत नाही.

या समुद्रांची घडणच वेगळी आहे. तांबडा समुद्र दोन हजार किलोमीटरहून लांब आहे आणि वर्षाला त्याच्या पृष्ठभागावरून साधारण दोन मीटर जाडीचं पाणी वाफ होऊन उडतं. ते भरून निघतं दक्षिणेकडच्या बाब-एल-मांदेबच्या अरुंद तोंडातून. त्याच्या आत हनीश बेटांजवळचा उंबरठा पाण्याखाली जेमतेम १३७ मीटरवर आहे. त्यामुळे दक्षिणेला क्षारता हजारी ३६-३७ असते, तर उत्तरेला ४० च्या पुढे जाते. खुल्या महासागरात ती ३५ च्या आसपास असते. पर्शियन आखात तर सरासरी ३५ मीटरच खोल. उन्हाळ्यात तिथलं वरचं पाणी ३५ अंशांपर्यंत तापतं, हिवाळ्यात उथळ भागात ते १५ च्या जवळ उतरतं. कतार आणि सौदी अरेबियाच्या मधल्या सलवाच्या खाडीत क्षारता ५० च्याही वर जाते. आखातात टिकणाऱ्या जीवाला वर्षभरात वीस अंशांचा फरक सोसावा लागतो.

इतिहासही तितकाच कठोर आहे. शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पर्शियन आखात तेव्हा कोरडं होतं. तिथे नदीचं खोरं होतं. तांबड्या समुद्राचं तोंड जवळजवळ बंद झालं आणि आतलं पाणी इतकं खारट झालं की अनेक प्लवक जीव तिथून नाहीसे झाले. आज आखातात जे सागरी जीवन दिसतं ते होर्मुझच्या सामुद्रधुनीतून गेल्या दहा-बारा हजार वर्षांत आत आलेलं आहे. म्हणूनच आखातात समुद्रकाकडीच्या जाती तुलनेने कमी आहेत, तांबड्या समुद्रात त्याहून बऱ्याच अधिक, आणि ओमानच्या किनाऱ्यावर थंड पाण्याच्या उसळीमुळे प्रवाळांचे पट्टे तुटक असल्याने तिथे वाळूत राहणाऱ्या जातींना मोकळं रान मिळतं.

तांबड्या समुद्राच्या या संपत्तीची पहिली शास्त्रीय नोंद करणारा पीटर फोर्सकोल डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानला पाठवलेल्या मोहिमेत होता. १७६२ मध्ये तो सुएझहून जहाजाने जेद्दाला गेला, वाटेत मिळतील ते जीव गोळा करत गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने गेला. उरलेली मंडळी मुंबईला निघाली. त्यातले दोघे समुद्रातच वारले आणि एक जण मुंबईत वारला. मोहिमेतून जिवंत परतला एकटा कार्स्टेन नीबुर. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मापं आणि चित्रं केली आणि युरोपात परतल्यावर १७७५ मध्ये फोर्सकोलच्या टिपणांमधून प्राण्यांचं पुस्तक छापून घेतलं. त्यातली एक सर्पाकृती समुद्रकाकडी आज सिनॅप्चुला रेसिप्रोकान्स या नावाने ओळखली जाते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि या जातीने पुढे तोच मार्ग धरून भूमध्य समुद्रात वस्ती केली.

दुसरी नोंद भारताशी जोडलेली आहे. सुएझचं आखात आणि उत्तर तांबडा समुद्र इथल्या कंटकचर्मी प्राण्यांवरचा डी. बी. जेम्स आणि जॉन पिअर्स यांचा सविस्तर लेख १९६९ सालच्या भारतीय सागरी जीवशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात आला. पिअर्स अमेरिकन, जेम्स भारतीय. तो लेख आजही त्या भागात काम करणाऱ्याला उघडावा लागतो. जेम्स यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मोल असलेल्या जातींपैकी पांढरी आणि काळी ‘टीटफिश’ (होलोथुरिया फस्कोजिल्व्हा आणि होलोथुरिया नोबिलिस), अंगभर अननसासारखे काटेरी लोंबते असलेली थेलेनोटा अनानास, खडकाळ लाटांच्या पट्ट्यातली ॲक्टिनोपायगा मॉरिशियाना आणि वाळूत गाडून राहणारी होलोथुरिया स्काब्रा, म्हणजे व्यापाऱ्यांची ‘सँडफिश’, या सगळ्या तांबड्या समुद्रात सापडतात. पर्शियन आखातात काळी होलोथुरिया ल्युकोस्पिलोटा आणि स्टिकोपस हर्मानी या ठळक. इराणी संशोधकांनी त्यातल्या पहिलीचं प्रजनन टाक्यांमध्ये घडवून आणलं आहे. ओमानमध्ये पकड मुख्यतः एकाच जातीची, सँडफिशची. सौंदर्याच्या बाबतीत माझं मत विचाराल तर पिअर्सोनोथुरिया ग्रेफीचं पिल्लू पाहावं: ते विषारी सागरी गोगलगायीचा पांढरा-काळा-पिवळा पेहराव हुबेहूब उचलतं आणि मोठं झाल्यावर तो टाकून देतं.

आता मासेमारी. इजिप्तची कथा सगळ्यांत लख्ख आहे. तिथे समुद्रकाकडी कोणी खात नाही. १९९८ च्या सुमारास आशियाई मागणीमुळे पकड सुरू झाली, आधी थोड्या बोटींनी, मग दोनच वर्षांत पाणबुड्यांच्या टोळ्यांनी. तांबड्या समुद्राच्या प्रांतिक प्रशासनाने लवकरच बंदी घातली. हुरघाडा आणि शर्म-अल-शेख इथला पाणबुडी पर्यटनाचा धंदा ज्या प्रवाळांवर चालतो, त्यांचा तळ ओरबाडला जातोय हे तिथल्या लोकांना दिसत होतं. बंदी झाल्यावर चोरटी पकड वाढली, मग दबावाखाली बंदी काही काळ उठली, आणि २००३ मध्ये ती पुन्हा आली. पाच वर्षांचा हा सगळा प्रवास. त्यानंतरच्या पाहण्यांत महाग जाती कित्येक ठिकाणांहून दिसेनाशा झालेल्या आढळल्या, आणि स्वस्त जाती तेवढ्या मागे राहिलेल्या. समोरच्या सौदी किनाऱ्यावरही थोड्या फरकाने हेच घडलं. एरिट्रिया आणि येमेनमध्ये पकड गरिबीने आणि पुढे युद्धाने चालवली. तिथे नियम असले तरी ते पाळून घेणारी यंत्रणा समुद्रावर नव्हती.

पाच वर्षांत जे गेलं ते वीस वर्षांत का परत येत नाही? समुद्रकाकडी पळू शकत नाही, लपायला ती फक्त वाळू जाणते, आणि तिचं प्रजनन शेजाऱ्यांवर अवलंबून असतं. नर आणि मादी आपापली बीजं पाण्यात सोडतात. एक मादी एका वेळी दहा-वीस लाख अंडी सोडू शकते, पण जवळपास नर नसेल तर ती सगळी वाया जातात. म्हणजे शंभर जणी एका कुरणात असतील तर पिढी पुढे जाते. त्याच शंभर जणी दहा किलोमीटरवर विखुरल्या तर जवळजवळ काहीच होत नाही. व्यापारी शेवटचा नग वेचत नाहीत, त्याची गरजही पडत नाही. थवा फोडला की काम झालं. खुल्या महासागरात निदान दुरून वाहत येणाऱ्या अळ्यांची आशा असते. अरुंद तोंडाच्या, आत वळलेल्या समुद्रात ती फार थोडी. म्हणूनच बाब-एल-मांदेबच्या आत आणि होर्मुझच्या आत पकडीचं नुकसान जास्त काळ टिकतं.

माहौतची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने महत्त्वाची आहे. तिथे पाणबुडे लागत नाहीत. ओहोटीला पाणी मैलभर मागे सरतं आणि लोक पायी जाऊन हाताने वेचतात. वेचणाऱ्यांत बायकांचं प्रमाण जवळपास निम्मं आहे, मुलंही असतात. बदू कुटुंबांच्या उत्पन्नात या वेचणीचा वाटा खराखुरा आहे. बोट, इंजिन, जाळं यांतलं काहीच न लागणारं आणि थेट बाईच्या हातात पैसे देणारं हे त्या किनाऱ्यावरच्या मोजक्या कामांपैकी एक. आपल्या कोकणात ओहोटीला कालवं आणि शिंपले काढायला जाणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचं मोल सांगायला नको. ओमानी संशोधकांनी माहौतच्या सहा ठिकाणी घनता आणि आकार मोजून २००७ मध्ये ते प्रसिद्ध केले. २०१० मध्ये त्याच गटातल्या दोघांनी झपाट्याने अतिपकड होत असल्याचा इशारा दिला. माल दलालांकडे जातो. तो चिरून, उकळून, कातडीवरचा चुनखडीसारखा थर घासून, पुन्हा उकळून वाळवला जातो, आणि अमिरातीमार्गे पूर्वेकडे निघतो. जिवंत वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतकंच वजन शेवटी उरतं, त्यामुळे तस्करीलाही तो सोपा. मोठ्या, नीट प्रक्रिया केलेल्या नगाला लहानापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. म्हणजे पिल्लं उचलणाऱ्याचं नुकसान दुहेरी: आजचा भाव कमी आणि उद्याचं बीज गेलं.

इथे शेतीचा विचार पुढे येतो, आणि इथे जेम्स परत येतात. १९८८ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरीनच्या केंद्रात त्यांनी सँडफिशचं बीज पहिल्यांदाच उबवणकेंद्रात तयार केलं. पाण्याचं तापमान तीन-पाच अंशांनी वाढवून प्रौढांना बीज सोडायला लावायचं, अळ्यांना सूक्ष्म शैवाल खायला घालायचं, सुमारे दोन आठवड्यांनी डायटम चढलेल्या पत्र्यांवर त्या बसल्या की त्यांना वाढवायचं: या पद्धतीची मुळं तिथे आहेत. पुढे ती जगभर सुधारली गेली. सौदी अरेबियात अल-लिथ इथे, कोळंबीच्या प्रचंड तळ्यांचं जाळं असलेल्या ‘नॅशनल ॲक्वाकल्चर ग्रुप’ने सँडफिशची पैदास हाती घेतली. मागे वाळवंट, पुढे तांबडा समुद्र, गोड पाण्याची गरज नाही, खाद्याचा खर्च कमी. कोरड्या किनाऱ्यासाठी एवढी सोयीची सागरी शेती दुसरी सुचत नाही.

दुसरी वाट मादागास्करच्या नैऋत्येची. तुलियारभोवतीचा हा भाग काटेरी रानाचा, वर्षाला चारशे मिलिमीटरपेक्षाही कमी पावसाचा. तिथल्या सागरविज्ञान संस्थेत १९९९ मध्ये बेल्जियमच्या मदतीने काम सुरू झालं. आता वेझो मच्छीमारांची गावं उथळ पाण्यात जाळ्यांची कुंपणं घालून उबवणकेंद्रातली पिल्लं वाढवतात आणि वाढलेल्या काकड्या रात्री वाळूतून वर आल्यावर वेचतात. अडचणी साध्या आणि जिवावरच्या: पिल्लं खाणारे खेकडे, कातडीचे व्रण आणि चोरी. रात्रभर पहारा द्यावा लागतो. तरी मला ही वाट अल-लिथपेक्षा अधिक आश्वासक वाटते, कारण कुंपणाच्या आतलं धन ज्याचं आहे तोच कुंपणाबाहेरच्या समुद्राकडेही पाहतो.

पण शेती म्हणजे संवर्धन नव्हे, हे ठासून म्हणायला हवं. या उष्ण समुद्रांत शेती जवळजवळ फक्त सँडफिशची जमते. टीटफिश, थेलेनोटा, लाटांच्या पट्ट्यातली ॲक्टिनोपायगा यांच्यासाठी ती आज उपयोगाची नाही. उबवणकेंद्राला प्रौढ जोड्या समुद्रातूनच लागतात. मूठभर जोड्यांची पिल्लं लाखांनी समुद्रात सोडली तर तिथल्या मूळ थव्यांचं वैविध्य पातळ होण्याचा धोका असतो. दूरच्या देशातलं बीज आणून सोडणं तर टाळायलाच हवं: ओमानच्या थंड उसळीत आणि तांबड्या समुद्राच्या खारटपणात हजारो वर्षं तग धरलेलं बीज हीच तिथली खरी ठेव आहे. आखाताच्या काठी समुद्राचं पाणी गोडं करणारे जगातले सर्वांत मोठे प्रकल्प आहेत, त्यांचं खारट, कोमट सांडपाणी उथळ समुद्रात परत जातं. दुबईसारख्या ठिकाणी भराव घालून उथळ वाळूचे तळ गाडले गेले. शेतीचे आकडे कितीही वाढले तरी हे तळ परत मिळत नाहीत.

कायद्याची बाजू उशिरा हलली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत सँडफिश ‘संकटग्रस्त’ आहे. वन्यजीव व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराने २०१९ मध्ये टीटफिशच्या तीन जाती दुसऱ्या परिशिष्टात घेतल्या. नोंद २८ ऑगस्ट २०२० पासून लागू झाली. २०२२ मध्ये पनामात थेलेनोटा वंश त्यात आला, तो २५ मे २०२४ पासून लागू आहे. दोन्ही वेळा सँडफिश, या समुद्रांमधली सर्वांत जास्त उचलली जाणारी जात, यादीबाहेर राहिली. माहौतचा माल त्या कराराला न शिवता जातो.

भारताने २००१ मध्ये दुसरं टोक गाठलं: सगळ्याच समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. मन्नारच्या आखातातल्या आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतल्या कोळ्यांचा धंदा थांबला. समोर श्रीलंकेत पकड कायदेशीर राहिली, त्यामुळे तस्करीला वाट मिळाली. पहिलं बीज जिथे तयार झालं त्या देशात व्यापारी शेतीही करता येत नाही. मला बंदीचा हेतू योग्य वाटतो, पण सर्व जातींना, सर्व किनाऱ्यांना एकच माप लावणं चुकलं असंच वाटतं. याउलट २०२० मध्ये लक्षद्वीपला चेरियापाणी इथे २३९ चौरस किलोमीटरचं, खास समुद्रकाकडीसाठी राखलेलं क्षेत्र जाहीर झालं. जागा राखण्याचा हा मार्ग जात राखण्यापेक्षा खोलवर पोचतो. आपल्याला सर्वांत जवळचा कोरड्या प्रदेशाचा समुद्र म्हणजे कच्छचं आखात. त्याच्या आतल्या टोकाशी क्षारता चाळिशीपलीकडे जाते, भरती-ओहोटीत पाणी कित्येक मीटर चढतं-उतरतं, आणि १९८२ पासून तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. ओमान किंवा सौदीने जे प्रश्न सोसले ते उद्या कच्छलाही येऊ शकतात.

मग करायचं काय? इजिप्तसारखी सरसकट बंदी ही आग लागल्यावरची धावाधाव होती. त्याआधी घनदाट थव्यांच्या जागा कायमच्या राखल्या पाहिजेत, आणि त्या लहान असल्या तरी चालतील, कारण तिथे सुटलेलं बीज आसपासचा तळ भरू शकतं. सँडफिश कितीतरी ठिकाणी उथळ समुद्रगवतात राहते, म्हणजे राखण्याच्या जागा पायी चालत दिसतील अशा आहेत. उचलण्याचा किमान आकार ओल्या मालालाही लागू हवा, नुसता वाळलेल्याला नको. वाळल्यावर तपासलं तर पिल्लू आधीच मेलेलं असतं. साइट्सच्या यादीतल्या जातींना निर्यातीसाठी ‘पकडीने जातीला धोका नाही’ असा शास्त्रीय निर्वाळा लागतो, आणि तो निर्वाळा तळावर जाऊन मोजल्याशिवाय देता येत नाही. माहौतमध्ये ओहोटीची वेळ, प्रत्येक कुरणाचं नाव आणि गेल्या वर्षी कुठे किती मोठे नग मिळाले हे ज्यांना ठाऊक आहे त्या बायकाच ही मोजणी वर्षानुवर्षं करू शकतील. सरकारने त्यांना वेचणीचा परवाना देताना एका कुरणाची राखणही सोपवावी, त्या राखणीचा आणि मोजणीचा मोबदला द्यावा, आणि दलालाकडे जाणारा माल त्यांच्याच नोंदवहीतून जाईल अशी व्यवस्था करावी.